काकांनी हो म्हटलं होतं

मी पावाची भट्टी बोलतेय. माझं धुराडं काल उतरवलं, घुमट उद्या पाडायचाय, तेव्हा सांगायचं ते आजच सांगून टाकते. गोड बोलणं मला जमत नाही. पोटात निखारे घेऊन बसणारीला ते कुठून जमणार?

माझा जन्म ताईच्या परसात झाला. ताईने उभी हयात दुसऱ्याच्या बेकरीत पीठ मळण्यात घालवली. मालक ओरडला की मान खाली घालायची, आणि संसाराचा गाडा एकटीने ओढायचा. नवरा लवकर गेला. आपली स्वतःची भट्टी असावी, एवढंच तिचं मागणं होतं.

तिचा धाकटा भाऊ गवंडी. त्याने शेजारच्या हद्दीच्या भिंतीला माझी पाठ टेकवली. एका बाजूच्या विटा वाचल्या, परसही मोकळं राहिलं, म्हणून दोघं खूश. हात चांगला आहे त्याचा. माझ्या घुमटाला अजून एक चीर नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाईने बांधण्याआधी कुणाला विचारलं नाही का? विचारलं की. वीटवाल्याला विचारलं, लाकूडवाल्याला विचारलं, आणि भिंतीपलीकडच्या काकांना तर घरी जाऊन विचारलं. धाकट्याने हे इतक्यांदा सांगितलंय की मला पाठ झालंय.

"काका, परसात भट्टी बांधतेय. तुमची काही हरकत?"

"छे गं, हरकत कसली? तू आम्हाला लेकीसारखी. बांध खुशाल."

झालं. ज्याला त्रास व्हायचा त्यानेच हो म्हटलं, मग आणखी कुणाला विचारायचं, असं ताईला वाटलं. आपली जागा, आपलं परस, असं धाकट्याला वाटलं. बांधकामाची परवानगी देणारं कार्यालय बाजाराच्या वाटेवरच होतं. ताई त्याच्यासमोरून पीठ घेऊन यायची. आत कधी गेली नाही.

सुरुवातीचे दिवस सुखाचे होते, खोटं कशाला बोलू? लांब दांड्याच्या फळीवरून ताई एकेक पाव आत सरकवायची आणि मला म्हणायची, "सांभाळ गं बाई, करपवू नकोस." फाटकाशी माणसं उभी राहायची. पण पहिला पाव भिंतीवरून काकांना. काका म्हणायचे, "झकास झालाय." त्यांचा एवढा शब्द मिळाला की ताईचा दिवस चांगला जायचा.

वारा पडला की मात्र माझा धूर वर जायचा नाही. तो सरळ काकांच्या घरात शिरायचा. काकूंना दमा. माझी पाठ त्यांच्याच भिंतीला, त्यामुळे त्यांचा खोकला मला आरपार ऐकू यायचा. काका खिडकी लावून घ्यायचे, तीही आवाज न करता, ताईला कळू नये म्हणून. मला अस्सा राग यायचा. अहो, एकदा तरी ओरडा की तिच्यावर. पण भीड भिकेची बहीण म्हणतात ते काय उगाच?

मग एके दिवशी काकूंना दवाखान्यात न्यावं लागलं. त्यांची परगावची लेक धावत आली. ताईने पाव हातात धरून भिंतीवरून विचारलं, "काकू कशा आहेत?"

"जुनंच दुखणं गं. येईल घरी," काका म्हणाले.

"बाबा, आता तरी खरं सांगा," लेक म्हणाली. "ताई, आईला तुमचा धूर सोसत नाही. बाबा हो म्हणून बसलेत, म्हणून गप्प आहेत. आणि आईनेही बजावलंय, तिच्या पोटावर पाय आणू नका."

ताई त्या दिवशी मला विझवून पहिल्यांदा कार्यालयात गेली. परत आली ती माझ्याजवळच बसली आणि धाकट्याला सांगू लागली, "हा रहिवासी भाग आहे. घरात विजेवरची छोटी भट्टी चालते, तिची परवानगी मिळते. लाकडाची, धुराड्याची नाही मिळत. आणि हद्दीच्या भिंतीपासून ठरलेली जागा मोकळीच ठेवायची. मी म्हटलं, शेजाऱ्यांनी हो म्हटलंय. तर साहेब म्हणाले, शेजाऱ्यांना विचारून नियम बदलत नाही."

"पण कुणी तक्रार केलीय का?" धाकटा म्हणाला. "नाही ना? मग चालव वर्षभर. विजेची घेण्याइतकं तेवढ्यात गाठीला पडेल."

खरं सांगते, मलाही वाटलं, हो म्हणावं तिने. जीव कुणाला नकोसा असतो? पण भिंतीपलीकडे खोकला नव्हता, आणि त्या शांततेची मलाच भीती वाटत होती.

"काकू घरी येतील तेव्हा ही इथे नसेल," ताई म्हणाली.

धाकट्याचा हात काही उठेना. मग धुराडं तिनेच उतरवलं, एकेक वीट करून. काका भिंतीशी आले. "अगं, मी हो म्हटलं होतं. मीच तेव्हा..."

"तुम्हाला नाही म्हणायची वेळच येऊ नये, काका, म्हणून ते तिथे आधीच लिहून ठेवलं होतं," ताई म्हणाली. "मीच वाचायला गेले नाही."

सोमवारपासून ती पुन्हा जुन्या मालकाकडे कामाला जाणार आहे. काकू अजून दवाखान्यात नाकाला नळी लावून पडल्यात. मी पडेन त्याचं काही नाही, माझ्या विटा कुठे ना कुठे लागतील. पण ताईची मान पुन्हा खाली जाणार, हे मला सोसत नाही. यात वाईट माणूस एकही नव्हता हो, तरी हे झालं.

म्हणून जाता जाता हात जोडून सांगते. खोली बांधा, जिना बांधा, नाहीतर माझ्यासारखी भट्टी बांधा, पण आधी त्या कार्यालयाची पायरी चढा. शेजारी भांडखोर असेल, तर तो तुम्हाला तिथे नेईलच. भला असेल, तर आपणहून जा.