देवळातला एकच दगड

मित्रांनो, उत्तनच्या टेकडीवर करवंदीच्या जाळीतून वाट काढत वर आलात, तर तुम्हाला मी दिसेन. मी एका पडक्या चर्चची जुनी दगडी कमान आहे. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. त्या देवळाची वेदी माझ्याखाली होती. आता वेदी नाही, छप्पर नाही, भिंतीही नाहीत. मी एकटी उरले आहे.

याच टेकडीचा दगड फोडून पाथरवटांनी मला घडवलं. लाकडी आधारावर एकेक दगड रचला, शेवटचा मधोमध बसवला आणि आधार काढून घेतला. त्या दिवसापासून माझे दगड एकमेकांना रेटून उभे आहेत. त्यातला एक गेला की बाकीच्यांचं काही खरं नाही.

माझे दिवस चांगले गेले. नव्या भाताच्या लोंब्या आधी माझ्याखाली यायच्या, मग घरोघरी जायच्या. होड्या पाण्यात लोटण्याआधी नाखवे इथे गुडघे टेकायचे. लग्नात नवरीच्या लाल लुगड्याची झाक माझ्या पांढऱ्या चुन्यावर पडायची. रेजिना अशीच एक नवरी. तिनं लाजून माझ्या पायथ्याच्या दगडावर हात टेकला होता, तो मला अजून आठवतो.

पुढे खाली गावात नवं देऊळ झालं. माझं छप्पर एका पावसाळ्यात खचलं, ते कुणी पुन्हा घातलं नाही. पण लोक मला विसरले असं समजू नका. विसरले असते तर बरं झालं असतं. घर बांधायचं तर जोत्यात जुन्या देवळाचा एक दगड हवाच, अशी इथं रीत पडली. आधी पडलेले दगड नेले. ते संपल्यावर उभ्या भिंतींतले नेले. माणसं भाविक. चपला काढून यायची, गुडघे टेकायची, क्रूसाची खूण करायची आणि मग पहार लावायची. हावरटपणा कुणी केला नाही. प्रत्येकानं एकच नेला.

गेल्या हिवाळ्यात भाईंदर पूर्वेची अनुष्का नावाची मुलगी मैत्रिणींबरोबर शोधत शोधत वर आली. काट्यांनी हात ओरबाडले तरी तिनं माझ्यावरचे वेल बाजूला केले, माझ्यावर कोरलेली, आता झिजलेली अक्षरं बोटांनी चाचपली. "किती भारी आहे यार हे," ती म्हणाली, "आणि आपण रोज मॉलमध्ये जातोय." फार वर्षांनी कुणी माझं कौतुक केलं. निघताना तिनं आठवण म्हणून माझ्या चुन्याचा एक टवका पर्समध्ये टाकला.

त्यानंतर रेजिनाचा मुलगा इनास पहार घेऊन आला. त्याचं घर सुरू होणार होतं. आता काढण्याजोगी मीच उरले होते. मागून म्हातारी रेजिना धापा टाकत पोचली आणि त्या पायथ्याच्या दगडापुढे उभी राहिली.

"आये, एकच तं दगड हाय," इनास म्हणाला. "बाजूच्या पेद्रूनं बी एकच नेला."

"सगल्यांनी एकेकच नेलाय," रेजिना म्हणाली. "म्हणून तं इथं भिंत न्हाय."

इनास रागारागानं उतरून गेला. घर माझ्या दगडाशिवाय उभं राहिलं.

पावसाळ्यात त्या घरात रेजिनाच्या नातवाला ताप आला. औषध चालू होतं, पण ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. टेकडीवर लाकडं वेचायला येणाऱ्या बायांच्या तोंडून मला सगळं कळत होतं. शेजारणी रेजिनाला टोचून बोलायच्या, जोतं रितं ठेवलंस, आता भोग. तिनं पुष्कळ दिवस मनावर घेतलं नाही. मग एका सकाळी ती स्वतःच इनासला घेऊन वर आली. पहार लावताना त्याचाच हात थांबला.

"ऱ्हाऊ दे, आये."

रेजिनानं नवरीपणी ठेवला होता तिथंच हात ठेवला. "काढ. पोराचे जिवापुढं मी काय बोलू?" मग माझ्याकडे न बघता ती पुटपुटली, "मना माफ कर."

दगड निघाला. मी पडले नाही, वाकले. नातवाचा ताप उतरला. तो औषधानं उतरला असेल, पण गावानं त्याचं श्रेय माझ्या दगडाला दिलं.

परवा अनुष्का पुन्हा आली. पायथ्याचं भगदाड बघून ती तिथंच खाली बसली. मग पर्स उघडून तिनं तो टवका काढला आणि भगदाडात ठेवला. माझं नेलेलं परत आणणारी ती पहिलीच. संध्याकाळच्या वाऱ्यानं टवका खाली पडला.

मित्रांनो, माझ्याकडे या. मला हात लावा, माझ्या सावलीत बसा. मात्र जाताना रिकाम्या हातांनी जा. माझ्यावर माया असेल तर तेवढं करा.

हे मी सांगते आहे आणि खालच्या वाटेवर कुणीतरी थांबलं आहे. त्यानं चपला काढून बाजूला ठेवल्या, पहार झाडाला टेकवली. आता तो गुडघे टेकेल.