दोन्ही बाजूंना सारखेच

“थांबलो. आता किती?” बाबांनी स्क्रूड्रायव्हर न हलवता विचारलं.

मीटरचा काटा सत्तरवर होता.

“पस्तीस,” मुलगी म्हणाली.

“स्क्रू आज बराच फिरला.”

“व्हॉल्व्हची जोडी नवी आहे, बाबा.”

ते हुंकारले आणि चाचपडत दुसऱ्या स्क्रूकडे गेले. तिथेही काटा सत्तरला टेकल्यावर तिने पस्तीस सांगितलं. मग बाबा खाली बसले आणि त्यांनी स्पीकरच्या जाळीला कान लावला. या अँप्लिफायरमध्ये शेवटचे दोन व्हॉल्व्ह, म्हणजे तापून चालणाऱ्या काचेच्या नळ्या, बैलजोडीसारखे चालत. एक ढकले तेव्हा दुसरा ओढे. दोघांतला करंट सारखा असला की घरघर आपसात जिरून जाई. जरा कमीजास्त झाला की स्पीकर घुमायला लागे.

बाबांची दृष्टी गेली तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षं, आकडे ती वाचत होती. ट्रान्सफॉर्मरची तार गुंडाळणं आणि जोडांना डाग देणंही हळूहळू तिच्याकडेच आलं होतं. अँप्लिफायरवरच्या पितळी पट्टीवर नाव मात्र बाबांचं असे. गेल्या वर्षी पेंगुळल्या डोळ्यांनी तिने एका बाजूचा आकडा चुकीचा सांगितला, तर त्यांनी घरघरीवरून लगेच ओळखलं आणि पुढे महिनाभर येईल त्या गिऱ्हाइकाला तो किस्सा मीठमसाला लावून सांगितला. त्यातून ती एवढं शिकली होती, की खोटं बोलायचं तर दोन्ही बाजूंना सारखंच बोलावं. ते कानाला कळत नाही.

आताही स्पीकर गप्प होता. बाबा समाधानाने उठले. तिने व्हॉल्व्हवर लोखंडी जाळीची टोपी बसवली.

पंधरा दिवसांपूर्वी स्टुडिओवाला ऑर्डर द्यायला आला होता. जाता जाता त्याने विचारलं होतं, मास्तर, मुलीला आमच्याकडे द्या ना, दुरुस्तीला माणूस हवंय, राहायला खोलीही आहे. ती पडद्यामागे पाण्याचा ग्लास भरत होती. बाबा आधी हसले होते.

“तिला आकडे वाचता येतात रे. कळत नाहीत.”

तिने ग्लास बाहेर नेऊन ठेवला होता. पाणी सांडलं नव्हतं.

आज स्टुडिओवाला दुपारी ठरल्या वेळेला आला. संध्याकाळी त्याच्या हॉलमध्ये पन्नास जाणकारांपुढे हा अँप्लिफायर वाजायचा होता. तिचा हिशेब सरळ होता. इथे दहा मिनिटं ऐकून तो घेऊन जाईल, तिथे तासाभरात दुप्पट करंटने व्हॉल्व्ह तापून लाल होतील, आणि पट्टीवरचं नाव सगळ्यांदेखत जळेल.

त्याने रेकॉर्ड लावली. आवाज दाट आणि उबदार आला. तो वाहवा म्हणाला, मास्तरांच्या हाताला तोड नाही म्हणाला. बाबांनी हात पुढे करून तळवा व्हॉल्व्हवरच्या जाळीच्या वर धरला, थंडीत शेगडीवर धरावा तसा. नेहमीपेक्षा बराच वेळ धरला. मग हात मागे घेऊन धोतराला पुसला.

“माझा हात कुठला,” ते म्हणाले. “याचा एकेक डाग पोरीचा आहे. आकडेसुद्धा तिचेच. हो ना गं?”

सहा वर्षं जे ऐकायला तिचे कान आसुसले होते, ते हे होतं.

“तू मागे तिच्याबद्दल विचारत होतास. आता माझी ना नाही. पण पारखून घे. हॉलमध्ये नेण्याआधी इथेच दोन तास चालू ठेव. टिकला तर पोरीला आजच घेऊन जा.”

“हे झकास बोललात, मास्तर.” स्टुडिओवाल्याने खुर्ची ओढली आणि तिच्याकडे पाहून हसला. “बॅग भरायला घ्या.”

टेबलावर, तिच्या हातापासून वीतभर अंतरावर, स्क्रूड्रायव्हर पडला होता. दोन्ही स्क्रू अर्धा अर्धा वळसा मागे घ्यायचे, की भागलं असतं. फक्त का, ते सांगावं लागलं असतं.

“दोन्हीकडे किती वाचलेस?” बाबांनी मायेने विचारलं.

खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. स्टुडिओवाल्याची पाठ टेबलाकडे होती. जाळीच्या आत चढू लागलेला तांबूस रंग तिला एकटीलाच दिसत होता.

“पस्तीस,” ती म्हणाली.

“मग पस्तीसच असणार,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी चाचपडत आपली खुर्ची टेबलापासून थोडी लांब सरकवली.