देवाजींची शेवटची दाढ

घुग्घुसच्या देवाजी मिस्त्रींचे कान खाणीतल्या सुरुंगांनी कधीच नेले होते. माणसांचं बोलणं ते ओठांवरून ओळखत आणि इंजिनाचं दाढेवरून. सळईचं एक टोक इंजिनाला टेकवायचं, दुसरं दाढेखाली धरायचं, डोळे मिटायचे. एकदा त्यांनी असं चावून सांगितलं होतं, ट्रकच्या टाकीत बेडूक आहे आणि तो नर आहे. बेडूक निघाला. पुढचं तपासायला कोणी थांबलं नाही, म्हणून तेही खरंच धरायचं. तीस वर्षांत बाकीचे दात या धंद्यात झिजले. उरली उजवीकडची एक दाढ.

त्यांचं गॅरेजचं शेड होतं रंजीताबाईंच्या जागेवर. बाईंचे चाळीस ट्रक कोळसा वाहत. हौस म्हणून त्यांनी एका छोट्या पेट्रोल गाडीला बल्लारपूरच्या प्रवीण मेकॅनिककडून जोर वाढवणारा मोठा टर्बो बसवून घेतला. गाडी अशी पळे, की तिची सावली मागून धापा टाकत येई. पण जोरात दाबली की पत्र्याच्या डब्यात खडे हलवावे तसा आतून आवाज. इंजिन नॉकिंग करतंय, पेट्रोल आत अवेळी फुटतंय, अशानं पिस्टन जाईल, असं देवाजी म्हणाले. गाडीला जोडलेल्या लॅपटॉपवर नॉकिंग शून्य दिसतं, हा तर रस्त्याचा आवाज, असं प्रवीण म्हणाला. बाईंनी गोड हसून निकाल लावून टाकला : देवाजींनी नॉकिंग दाखवलं तर शेड त्यांचं, नाहीतर उद्यापासून प्रवीणचं.

हा आवाज उभ्या गाडीत येत नाही, इंजिनावर भार पडला तरच येतो. म्हणून बोनट काढलं आणि सत्तरीच्या देवाजींना ताडपत्रीच्या दोरीनं मडगार्डवर पालथं बांधलं. सळई तोंडात.

"घट्ट चावा भाऊ," म्हणत बाई स्टेअरिंगला बसल्या.

रेल्वे पुलाच्या चढावर बाईंनी गाडी दाबली आणि दाढेत आवाज उतरला. तिसरा सिलिंडर. टर्बो इंजिनाला पेलवेल त्याहून जास्त हवा कोंबत होता, पेट्रोल वेळेआधीच पेट घेत होतं. देवाजींनी डोळे उघडले, तर समोरच नॉकिंग पकडणाऱ्या सेन्सरची पिन निघालेली. कोळशाच्या रस्त्यांच्या खडखडाटाला सेन्सर नॉकिंग समजे आणि गाडीचा जोर आपोआप कमी होई. म्हणून प्रवीणनं त्याची पिनच काढून ठेवली होती. बहिऱ्या गाडीला लॅपटॉपवर शून्यच दिसणार.

देवाजींनी आनंदानं मान वर केली. काचेपलीकडे बाई पुढचा खड्डा पाहत होत्या. मग त्यांनी देवाजींकडे पाहिलं, हसल्या, आणि चाक खड्ड्यातच घातलं.

दाढ मुळासकट गेली.

परत आल्यावर ड्रायव्हर लोक पोट धरून हसले, दोघांनी मोबाईलवर शूटिंग केलं. बाईंना काळजी मडगार्डची.

"रंग खराब होऊन राह्यला भाऊ. रक्त पुसा आधी."

सेन्सरची पिन एका बोटाच्या अंतरावर होती. ती दाबून गाडी पुन्हा चढावर नेली असती, तर लॅपटॉप आपणहून बोंबलला असता आणि शेड वाचलं असतं. देवाजींचं बोट तिथवर गेलंही. मग ते मागे आलं. त्यांनी मडगार्ड दुपट्ट्यानं चकचकीत पुसलं, ओल्या बोटानं इंजिनाच्या झाकणावर काहीतरी ओढलं आणि बोनट स्वतःच्या हातांनी बसवलं.

"माहंच चुकलं बाई. नॉकिंग नाई. दाबा बिनधास्त."

शेडची चावी प्रवीणला मिळाली. देवाजींनी पाने-हातोड्या हातगाडीवर टाकून घर गाठलं. बाई प्रवीणला शेजारी बसवून चंद्रपूरकडे सुटल्या, आणि संध्याकाळी स्वतःच्याच ट्रकमागे दोरीनं बांधून गाडी ओढत आणली. बोनट उघडलं. झाकणावर वाळलेल्या रक्ताचा आकडा होता : ३. इंजिन खोललं, तर तिसऱ्या पिस्टनला अंगठा जाईल एवढं भोक.

दुसऱ्या दिवशी बाई पहिल्यांदाच देवाजींच्या दारात आल्या, न हसता. तुम्हाला माहीत होतं तर बोलला काऊन नाई, असं त्यांनी विचारलं. प्रवीणला हाकललं, शेड तुमचं, चाळीसही ट्रकांचं काम तुमचं, फक्त ऐकायला या, असंही म्हणाल्या. देवाजींनी त्यांच्या ओठांवरचा एकेक शब्द शेवटपर्यंत वाचला. मग तोंड उघडून रिकामी हिरडी दाखवली.

"दाढ गेली बाई. आता मले काईच ऐकू येत नाई."

बाई पहिल्यापासून पुन्हा सांगू लागल्या. देवाजींनी डोळे मिटून घेतले.