चार बोटांचा निशांक

मंठ्याच्या मुलींच्या शाळेत पुष्पाबाई चित्रकला शिकवायच्या. गोष्ट एक्याण्णव सालची. रविवारी सकाळी टीव्हीवर अंतराळयानाची एक मालिका लागायची. त्यात परग्रहावरून आलेला, यानाला वाट दाखवणारा निशांक होता. माणसांत राहूनही परका, कमी बोलणारा, हाताला चारच बोटं. पुष्पाबाईंना त्याचं वेडच लागलं. घरी टीव्ही नव्हता, म्हणून त्या मराठी शिकवणाऱ्या गिरिजाबाईंकडे बघायला जायच्या आणि घरी येऊन, स्वयंपाक उरकला की निशांकला कागदावर उतरवायच्या. दीड वर्षात दोन वह्या भरल्या. गिरिजाबाईंखेरीज त्या कुणी पाहिल्या नव्हत्या.

दूरदर्शनवर शुक्रवारी प्रेक्षकांची पत्रं वाचतात, चित्रंही दाखवतात, एखादं पाठवा, असं गिरिजाबाईंनी कितीदा सांगितलं. मी काय दाखवायला काढते का, असं म्हणून पुष्पाबाई विषय बदलायच्या. खरं तर, पाठवलं आणि दाखवलंच नाही तर, ही धास्ती होती.

बघून बघून गिरिजाबाईही निशांक काढू लागल्या. मान आखूड, खांदे वाकडे. पुष्पाबाई हसत चुका दाखवायच्या. त्या हसण्यात त्यांना स्वतःला थोडा दिलासाही असायचा.

एका शुक्रवारी गिरिजाबाईंनी त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं. शेजारच्या चतुराबाईही आल्या होत्या. पत्रांच्या कार्यक्रमात त्या दिवशी निशांकचं काम करणारा नट पाहुणा होता. त्याने एक चित्र हातात घेतलं. जिल्हा जालना, मुक्काम मंठा, असं वाचत त्याने गिरिजाबाईंचं नाव घेतलं आणि म्हणाला, निशांककडे इतक्या मायेनं आजवर कुणी पाहिलं नसेल.

चतुराबाईंनी टाळ्या वाजवल्या. पुष्पाबाई मात्र पडद्यावरच्या चित्राकडेच बघत होत्या. दीड वर्ष माया कुणी केली, आणि नाव कुणाचं झालं!

"पाच बोटं काढली तुम्ही," त्या म्हणाल्या. "त्याला चारच हायेत."

गिरिजाबाईंचा चेहरा उतरला. चुकलंच, तुम्हाला दाखवून पाठवायला पाहिजे होतं, एवढंच त्या म्हणाल्या. त्या भांडल्या असत्या तर पुष्पाबाईंना बरं वाटलं असतं.

त्यानंतर पुष्पाबाईंचं रविवारचं जाणं बंद झालं. कधी पाहुण्यांचं निमित्त, कधी डोकेदुखीचं. शाळेत प्रार्थनेच्या वेळी गिरिजाबाईंचा सत्कार झाला, तेव्हा पुष्पाबाई वर्गात वह्या तपासत बसल्या. मग एका दुपारी त्यांनी आपल्या चित्रांच्या वह्यांतली सगळ्यांत चांगली बारा चित्रं फाडून काढली आणि गुपचूप रजिस्टरने दूरदर्शनला पाठवली. दर शुक्रवारी चतुराबाईंच्या घरी टीव्हीसमोर जाऊन बसायच्या. सात आठवडे गेले. एकही चित्र दिसलं नाही, आणि आलेली चित्रं तिथून परत मिळत नसत. तोवर मालिकाही संपली. निशांक आपल्या ग्रहावर परत गेला, हे त्यांना सातवीच्या मुलींकडून कळलं.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या गिरिजाबाईंकडे गेल्या.

"मी बारा चित्रं पाठवल्ती. एकबी दाखवलं न्हाई."

"मंग मला का न्हाई सांगितलं?"

"जळत होते तुमच्यावर. अजून जळून राह्यले."

गिरिजाबाईंनी चहा ठेवला. मग शेवटचा भाग पहिल्यापासून सांगितला: निशांक यानाच्या दारात कसा थांबला, कुणाचा निरोप न घेता एकदाच वळून त्याने कसं बघितलं. पुष्पाबाईंनी पदराने डोळे टिपले, कागद मागितला आणि न पाहिलेला तो क्षण काढायला घेतला.

चित्र पुरं झाल्यावर गिरिजाबाई कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "डोळे इतके जिवंत कसे येतात? तेवढं मला शिकवा."

बुबुळाच्या कडेला कणभर कागद कोरा सोडायचा, बस, एवढंच होतं ते. शिकवायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

"सरावानं येतात," पुष्पाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी कप उचलला.