रायीतली गाठ

"कुणी हात लावू नका," आगाफ्या म्हणाली, आणि कापणीला आलेल्या साऱ्या बायका विळे खाली करून जागच्या जागी थांबल्या.

राय नावाच्या धान्याच्या उभ्या पिकात मूठभर ताटं पिळून, मोडून त्यांची गाठ मारलेली होती. झालोम. हा शब्द त्या गावात आवाज खाली आणूनच बोलायचा. मुळात अर्थ साधाच, मोडणं. रानडुक्कर शेतातून गेलं की आडव्या पिकालाही जुनी माणसं झालोमच म्हणत. पुढे कधीतरी कुणा वैऱ्याने हाताने ताटं मोडून गाठ मारली आणि शब्दाला दात फुटले. आता ती गाठ जो कापेल त्याच्या घरात मरण येतं, असं सगळे मानत.

आगाफ्याची सून तादोरा मागे उभी होती. गाठ तिनेच मारली होती.

दलदलीपलीकडे, तिच्या माहेरी, गरोदर बाई कापणीला उतरण्याआधी अशी गाठ मारते; शेताने पोट धरून ठेवावं म्हणून. तिकडे या गाठीला दाढी म्हणतात, बायका त्यावरून थट्टाही करतात. पोटाचं तिने अजून नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"हे कुलीनाचंच काम," हापका म्हणाली. "माझ्या गाईकडे कशी बघत असते, माहितेय मला."

"मला गायच धड दिसत नाही, हापके," म्हातारी कुलीना म्हणाली. कुणी हसलं नाही. दोघीतिघी तिच्यापासून बाजूला सरकल्या.

आगाफ्याने आस्पेन झाडाची चिरलेली खुंटी मागवली. चिरेत गाठ धरून उपटायची आणि तिथंच जाळायची. "जिने बांधली तिच्या पोटात आग पडेल. कळेलच मग."

तादोराचा हात आपसूक पोटावर गेला. हे खरं नसतं, ती मनाशी म्हणाली. आणि गवताची चूड पेटली तशी ती पुढे झाली.

"आई, थांबा. माझी आहे ती."

आगाफ्याने तिच्या तोंडाकडे नाही, हाताकडे पाहिलं. "कितवा?"

"तिसरा लागला."

"माणसांना सांगायचं सोडून रायीला सांगत बसलीस होय?" तिने चूड पायाखाली विझवली, पण गाठीला स्वतः हात लावला नाही. "ज्या हाताने बांधलीस त्याच हाताने सोड. एक काडी तुटता कामा नये."

गाठ सुटली. ताटं मात्र सरळ झाली नाहीत.

कापणी पुन्हा सुरू झाली, तेव्हा तादोराच्या दोन्ही बाजू मोकळ्या होत्या. मूल जन्मताना जरा उशिरा रडलं तरी या साऱ्याजणींना आजची गाठ आठवणार होती. ओटीपोटात बारीक कळ आली की ती श्वास धरून थांबायची.

चाचपडत कुलीना शेजारी येऊन वाकली.

"घाबरू नको म्हणणार नाही," ती म्हणाली. "मीही रोज घाबरते. विळा चालव, त्या बघतायत."