अर्ध्या तासाचं काम

इंजिनावरचं छोटं झाकण सोडवून मी आत बोट घातलं. आत काहीच नव्हतं. जिथे एक पितळी झडप असायला हवी, ती जागा रिकामी होती, आणि ती मीच रिकामी केली होती.

लक्ष्मणराव शेजारी स्टुलावर चहा पीत बसले होते. माणूस चाकणच्या जुन्या शेतकरी घरातला. जमीन कंपन्यांत गेली तेव्हा त्यांनी ही डिझेल गाडी घेतली, आणि तेव्हापासून ती चिखलीला माझ्याच गॅरेजात येते. या वेळी काम एकच होतं. लेक तेजस्विनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तीही ऐन पौषात. बाळ-बाळंतिणीला दवाखान्यातून घरी आणताना गाडी उबदार हवी होती.

"धनेश, हीटरचं तेवढं बघ," ते आल्या आल्या म्हणाले होते. "ल्हान जिवाला गारठा सोसायचा न्हाई."

आठ वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात गाडी घाटात तापली म्हणून ते आले होते. दोष रेडिएटरचा होता, तो गाळाने भरला होता. पण तो साफ करण्यात दिवस गेला असता, म्हणून मी ती झडपच काढून टाकली. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं. इंजिन तापेपर्यंत ही झडप पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ती काढली की पाणी सदा फिरत राहतं आणि काटा वर चढायचं नाव घेत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. जालन्याहून येऊन नुकतंच गॅरेज टाकलं होतं आणि स्वतःला मोठा वस्ताद समजत होतो. इंजिन तापलं नाही तर हीटर कुठून तापणार, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण आपल्याकडे हीटर लावतो कोण, असा माझा हिशोब.

गोजाबाई लावायच्या. लक्ष्मणरावांची बायको. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. तीन वर्षं, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, ते दोघं चाकणहून भल्या सकाळी पिंपरीला डायलिसिसला जायचे. त्यात माणसाला हुडहुडी भरते, हे मला फार उशिरा समजलं. दोन शाली, लोकरीचे मोजे, मांडीवर गरम पाण्याची पिशवी, अशा त्या डावीकडच्या सीटवर बसायच्या. एकदा गॅरेजात आल्या तेव्हा मला म्हणाल्या होत्या, "गाडी वावर इकून घेतली ना रं, म्हनून वावरावानीच गारठती." मीही हसलो होतो.

लक्ष्मणरावांनी मला हीटरबद्दल दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा मी सांगितलं, डिझेल गाडीची जातच अशी, सावकाशच तापते. त्यात निम्मं खरं होतं, म्हणून जीभ अडखळली नाही. गोजाबाई मागच्या दिवाळीनंतर वारल्या.

आता नवी झडप गुपचूप बसवून हीटर साफ केला म्हटलं असतं, तर त्यांना जन्मात कळलं नसतं. मन तेच सांगत होतं. पण गाडी आली की डिकीतून माझ्यासाठी भुईमुगाच्या शेंगांची पिशवी निघायची, ती गोजाबाईंनी भरलेली असायची. हात पुसले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"काका, हीटर बिघडलेला नाही. इंजिनातली एक झडप मीच काढली होती, तुम्हाला न विचारता. काकू गारठत होत्या त्या माझ्यामुळे."

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. उठून उघड्या बॉनेटपाशी गेले.

"बसवायला किती येळ लागतो?"

"अर्धा तास."

"अर्धा तास," ते म्हणाले. मी शिव्यांची वाट बघत होतो. त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

झडप बसवली, पाणी भरलं. डिझेल गाडी नुसती उभी ठेवून लवकर तापत नाही, चालवावी लागते. लक्ष्मणरावांनी स्टिअरिंग धरलं, मी डावीकडे बसलो. सीट पुढे ओढलेली होती, माझे गुडघे समोर टेकत होते. मागे सरकवायला मी खालच्या दांडीला हात घातला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. मी हात काढून घेतला.

आम्ही मोशीच्या बाजूला निघालो. बाहेर धुकं होतं, कंपन्यांच्या बस समोरून येत होत्या. काटा हळूहळू चढत मध्यावर आला आणि तिथेच थांबला. तीन-चार किलोमीटरवर जाळीतून गरम वारा यायला लागला. लक्ष्मणरावांनी आपल्या बाजूची जाळी बंद केली.

"पायाला ऊब लागतीय का?" त्यांनी विचारलं.

"हो काका."

"बोटांपत्तुर?"

"बोटांपर्यंत."

"ती म्हनायची, समदं चालंल, पर पायाला जरा लागाया पायजे व्हतं."

मी काचेकडे तोंड केलं. पुढे परत फिरायचं वळण होतं. गॅरेजात दोन गाड्या खोळंबल्या होत्या आणि माझा फोन वाजत होता. लक्ष्मणरावांनी वळण घेतलं नाही, सरळ पिंपरीचा, मंगळवार-शुक्रवारचा रस्ता धरला.

गुडघे आवळून गोजाबाईंच्या जागेवर बसून राहिलो.