भिरभिरीच्या सुरगाठी

मित्रांनो, मी एक जुनी कळसूत्री बाहुली आहे आणि आधीच सांगून ठेवते, मला रडता येत नाही. माझे डोळे रंगवलेले आहेत. त्यातल्या एकाचा रंगही उडालाय. त्यामुळे जे झालं ते मी सरळ सांगणार. तुम्हाला रडायचं असेल तर तुमचं तुम्ही बघा.

एका सुताराने खुर्चीच्या मोडक्या पायातून मला कोरलं. नाक जरा लांबच झालं, तेव्हा तो म्हणाला, "असू दे, शहाणी दिसते." वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक बाई मुलांकडून बाहुल्यांचे खेळ बसवून घ्यायच्या. तिथे मी कधी राणी झाले, कधी सासू, एकदा तर चक्क दाढ दुखणारा हवालदार! पण माझे दोरे चालवणाऱ्याच्या हातातल्या लाकडी फुलीला घट्ट निरगाठी मारून बांधलेले. उंच मुलांच्या हातात मी हवेत लोंबकळायची आणि बुटक्यांच्या हातात गुडघ्यांवर यायची. रांगणारी राणी बघून लोक पोट धरून हसायचे.

मग भिरभिरी आली. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण एका जागी स्वस्थ उभी राहील तर शपथ! तिच्या हातात मी पहिल्यांदा चालले. म्हणजे खरंच चालले, आधी टाच, मग चवडा. मी नुसती मान वळवली तरी सगळी खोली चिडीचूप व्हायची.

आल्या आल्या तिने सगळ्या निरगाठी दातांनी सोडवल्या आणि त्या जागी सुरगाठी मारल्या. एक टोक ओढलं की सुटणाऱ्या. जास्तीचा दोरा फुलीला गुंडाळून ठेवला. मग जो येईल त्याला म्हणायची, "सरळ उभा राहा बघू. हिला तुझ्या मापाची करू."

तिची मैत्रीण ढब्बू वैतागायची. "अगं, तू एवढी भारी चालवतेस, मग या वेंधळ्यांच्या हातात कशाला देतेस?"

"तू काय कमी वेंधळी होतीस? आता बघ, सासू कसली झकास करतेस!"

"ती माझ्या अंगातच आहे."

"तेच म्हणतेय मी!"

पुढे भिरभिरी आजारी पडली. खेळाला येईनाशी झाली. एका सकाळी बाईंनी सगळ्यांना खाली बसवलं आणि ती गेल्याचं सांगितलं. मी खुंटीवर होते. मला ऐकू आलं.

त्याच दिवशी ढब्बूने मला काचेच्या कपाटात ठेवलं. "हिला कोणी हात लावायचा नाही. या गाठी तिने मारल्यात." कोणी वाद घातला नाही. येणारे-जाणारे काचेपाशी थांबायचे, हळहळायचे. मग थांबेनासे झाले. माझे सांधे आखडले, दोरे पिवळे पडले. बाहेर दुसऱ्या बाहुल्यांचे खेळ चालू होते. टाळ्या ऐकू यायच्या.

बऱ्याच काळाने भिरभिरीची आई आली. ढब्बू अभिमानाने म्हणाली, "काकू, एकही गाठ सुटू दिली नाही बघा."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "जरा चालवून दाखवतेस?"

ढब्बूने मला बाहेर काढलं आणि मी हवेतच राहिले. पाय जमिनीला पोचेनात. ढब्बू केवढी उंच झाली होती! गाठी मात्र भिरभिरीच्याच मापाच्या होत्या.

"अगं, उडतेय ती," काकू म्हणाल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "सोड की ती गाठ."

"सोडली तर परत तशी नाही बांधता येणार, काकू."

"तशी नकोच बांधूस. तुझ्या मापाची बांध. नाहीतर तिने सुरगाठी मारल्याच कशाला?"

ढब्बूने दोऱ्याचं टोक धरलं. बराच वेळ नुसतं धरूनच ठेवलं. मग ओढलं. गाठ कुरकुर न करता सुटली, जशी सुटायला हवी होती तशीच. मग बाकीच्याही सुटल्या, जास्तीचा दोरा उलगडला, ढब्बूने स्वतःच्या मापाच्या गाठी मारल्या आणि मी जमिनीला टेकले. आधी टाच, मग चवडा.

मित्रांनो, तुमच्याही कपाटात कोणाची तरी वस्तू जपून ठेवलेली असेल. धूळ पुसा, पण परत आत ठेवू नका. ती वापरा, दुसऱ्याच्या हातात द्या. माझे दोरे आता नवे आहेत, गाठी मात्र अजून सुरगाठीच.

या, सरळ उभे राहा बघू.